चढणाऱ्याला आधी वाट

आंबोली घाटात प्रत्येक वळणाआधी माझे थोरले भाऊ, अण्णा, हॉर्न वाजवायचे. जोरात नाही, कुणाच्या दाराची कडी वाजवावी तसा. "येऊ काय, म्हणून इचारायचं," म्हणायचे. उतरताना समोरून गाडी आली की कडेला थांबायचे. मागचे ड्रायव्हर शिव्या द्यायचे. अण्णा हसायचे, "चढणारा दमलेला असतोय रं. त्याला आधी वाट."

निपाणीजवळचं आमचं जैन शेतकऱ्याचं घर. तंबाखूची कामं उरकली की अण्णा जुन्या जीपमधून सगळ्यांना वेंगुर्ल्याच्या समुद्रावर न्यायचे. बंदरावरचा माल बैलगाड्यांनी वर यायचा तो हाच रस्ता, असं दरवेळी सांगायचे.

"अण्णा, बैल तरी तुमच्या आधी पोचत असतील," मी चिडवायचो.

"पोचत हुते न्हवं? मग झालं तर."

मागच्या वर्षी अण्णा, आई आणि मी, तिघंच गेलो. आईचं एकासन होतं. दिवसातून एकदाच जेवण, तेही दिवस बुडायच्या आत. घाट चढून वर गेल्यावर डबा सोडायचा ठरलं होतं. पण समुद्रावरून माझाच पाय निघेना. घाटाला लागलो तेव्हा ऊन तांबूस झालं होतं, थांबायला जागा नव्हती आणि पुढं एक ट्रक रांगत होता.

"असू दे रं," आई म्हणाली. "एक दिवस न्हाय जेवले तर मरत न्हाय मी." ती नुकतीच दवाखान्यातून घरी आलेली.

"दिवस बुडाला की तिला पाणीबी चालत न्हाय," मी म्हणालो. "टाका त्याला मागं."

"घाटात नगं रं," अण्णा म्हणाले. "वळण दिसंना."

"मला दरीपलीकडचा रस्ता दिसतोय की. मोकळा हाय. घाला!"

अण्णांनी घातली. झाडांआडून उतरती बस आली. डावीकडं ट्रक, त्याच्या पलीकडं दरी. अण्णांनी स्टेअरिंग उजवीकडं, डोंगरावर फिरवलं. त्यांचीच बाजू चेपली. आईचं आणि माझं खरचटण्यावर निभावलं. अण्णा तिथंच गेले. आईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा अजून ऊन होतं.

सुतकात वहिनींनी मला विचारलं, "भावजी, ह्यांना कधी घाई नव्हती. त्या दिवशी कसली झाली?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली, "माझ्या जेवणाची. मीच मागं लागलते त्याच्या."

वहिनी उठून आत गेल्या. तेव्हापासून त्या आईला ताट वाढतात, पण बोलत नाहीत. आई खाली मान घालून जेवते. मी शेजारीच बसलेला असतो.