वेळेवर येणारा

तो मला पोलादपूरच्या एस्टी स्टँडवर एकदाच भेटला. नाव विचारायचं राहूनच गेलं. तिशीचा असेल, पोलिओने एक पाय सुकलेला. मुंबईच्या गाडीत चढताना मी हात दिला, तर तो बाजूला सारून, पायरीवर तळहात टेकत स्वतःच वर आला. शेजारी बसला तेव्हा बघितलं, तळहातांना टाचेसारखे घट्टे होते.

महाडच्या एका कचेरीत तो कारकून. टेबल दुसऱ्या मजल्यावर. ते खाली द्या म्हणून अर्ज करून थकला, कोर्टात गेला आणि हरला. आता अपिलासाठी मुंबईला वकिलाकडे निघाला होता.

"हरलास कशाने रे?" मी तोंडावरच विचारलं.

"हजेरीनं, बाबा. सात वर्सांत एक दिवस लेट नाय. निकालात लिवलंय, हा रोज वेळेवर वर पोचतो, म्हंजे याला अडचण नाय."

मला ते खरंच वाटेना. "अरे, पण चढतोस कसा?"

"बसून, हातावर. कचेरी उघडायच्या आधी अर्धा तास येतो. कोणी बघू नये म्हणून." तो हसला. "आता कोर्ट म्हणतं, कोणी बघितलं ते सांग."

मी हबकलोच. आमच्या हिचे गुडघे गेले होते, तरी मरेपर्यंत नदीवरनं हंडा घेऊन चढ चढायची. आणते म्हणजे झेपतंय, असंच मी धरून चाललो. कोर्टाला शिवी द्यायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.