आप्पांना आलेला दुसरा कॉल

हे इथे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस विचार केला. मी कॉम्प्युटर शिकते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली पहिलीच. भूतखेत, देवदेवस्की यांवर माझा कधी विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही.

आमचं गाव सायखेडा, गोदावरीच्या काठावर. नदीत शेतीच्या पाण्यासाठी मोटारी टाकलेल्या असतात. वरच्या धरणातून पाणी सोडलं की त्या लगेच बाहेर ओढाव्या लागतात, नाहीतर वाहून जातात. म्हणून प्रोजेक्टसाठी मी एक प्रोग्रॅम केला — पाणी सोडल्याची सूचना आली की मी बटण दाबायचं, आणि सगळ्या मोटारवाल्यांना कॉम्प्युटरवरून एकदम व्हॉइस कॉल.

आधी कॉम्प्युटरचा तयार बायकी आवाज लावला होता. कोणी ऐकेचना. "मला वाटलं लोनवाली बाई हाय, कट केला," असं माझे वडील, आप्पा, स्वतःच म्हणाले. मग शेजारच्या नानांचा आवाज भरला. देवळाच्या भोंग्यावरून ही सूचना वर्षानुवर्षं तेच द्यायचे.

"भोंग्यावर मी तीनदा म्हणतो. इथं किती येळा म्हणू?"

"एकदाच, नाना. पुढचं कॉम्प्युटर म्हणेल."

"मग मला सुट्टीच म्हण की गं!"

रेकॉर्डिंगमध्ये एवढंच होतं — "मंडळी, नदीला पाणी येतंय, मोटारी वर काढा." पुढच्याच हिवाळ्यात नाना वारले. आवाज काढून टाकू का, असं त्यांच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "राहू दे. लोकं त्याच आवाजाला हलतात."

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी सूचना आली. मी नाशिकला, कॉलेजच्या लॅबमध्ये होते. कॉल पाठवला. तो ऐकून आप्पा नदीवर गेले. थोड्या वेळाने लॅबची लाईट गेली, कॉम्प्युटर बंद पडला. आणि माझ्या मोबाईलवर दुसरी सूचना आली — पाणी आणखी वाढवलंय. मी आप्पांना फोन लावत राहिले... बिझी. पुन्हा बिझी. त्यांना नदीत माझ्याच कॉलने पाठवलं होतं.

शेवटी त्यांचाच फोन आला. धापा टाकत होते.

"वर आलोय गं मी. मोटार गेली."

"कोणाशी बोलत होतात?"

"तुझाच तो नानाचा फोन! कमरेइतक्या पाण्यात दोर सोडवत व्हतो. उचलला तर नाना म्हणतो, 'दामू, मोटार जाऊ दे. तू वर ये.' मला वाटलं, तूच नवीन भरलंय."

मी काहीच भरलं नव्हतं. त्या प्रोग्रॅममध्ये कोणाचं नाव घ्यायची सोयच नाही. नंतर तपासलं, तर आमच्याकडून त्यांना एकच कॉल गेलेला. आप्पांच्या मोबाईलवर मात्र आमच्याच नंबरचे दोन. प्रोजेक्टच्या सरांना दाखवलं, तर ते म्हणाले, "नेटवर्कचं काहीतरी असेल." असेलही. कॉल दोनदा लागू शकतो, हे मला पटतं. पण ते शब्द कुठून आले?

त्या संध्याकाळी घरी पोचले तेव्हा आप्पा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "तुझ्या मशीनवरून नानाला निरोप देता येतो का?"

"नाही आप्पा. त्यातून फक्त बोलणं जातं. तिकडे काही ऐकू येत नाही."

त्यांनी खिशातून मोबाईल काढला. मग बंद मोबाईल तोंडाजवळ धरून हळूच म्हणाले, "नाना... आलो बरं का वर."