काशिनाथने माझ्या नावावर घातलेला पंप

वळ गावाहून, काशिनाथच्या घरून फोन आला तेव्हा मी गोदामात माल उतरवत होतो. काशिनाथ गेला. गाडीच्या पायरीवर बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. त्याच्यासाठी इतका रडलो... आणि आज त्याच्यावरच संतापून लिहितो आहे.

आम्ही दोघे एकाच डंपरवर होतो. एक दिवस तो, एक दिवस मी. गोदामांसाठी भातशेतांत मुरुमाचा भराव चालायचा. त्या चिखलात गाडी वळवायला मला शिकवलं ते काशिनाथनेच. सुरुवातीला शेजारी बसून ओरडायचा, "मिल्या, गाडी उभी हाय नं? मंग चाक कशाला मुरगाळतोस? आधी जरा हलू दे तिला!" स्टिअरिंग शेवटपर्यंत, म्हणजे लॉकला, गेलं की लगेच थोडं मागे सोडायचं, दाबून धरायचं नाही, नाहीतर पॉवर स्टिअरिंगचा पंप तापून झिजतो, हे त्याने माझ्या अंगात भिनवलं.

आणि पंप गेला तो आमच्याच गाडीचा. आधी महिनाभर कण्हत होता, मग एके दिवशी वळणावर चाक जड झालं आणि डंपर भरावाखाली घसरला. मिस्त्रीने पंप खोलला. आत तेल जळून काळं. "कोई लॉक पे दबा के रखता है," तो म्हणाला. सेठने आम्हा दोघांकडे पाहिलं. काशिनाथ जमिनीकडे बघत म्हणाला, "मिलिंदचा हात जड हाय. कवाचा सांगतोय त्याला." मला वाटलं, त्याचा खरंच तसा समज झालाय. उलट मी माझ्याच हातांवर शंका घेतली! माझी गाडी सुटली, भरावाची कामं सुटली. यार्डात सगळे मला 'पंपखाऊ' म्हणायचे आणि मी दात काढत ओ द्यायचो. काशिनाथशी दोस्ती मात्र तशीच ठेवली.

तो गेल्यानंतर काही आठवड्यांनी वहिनींना भेटायला गेलो. चहाचा कप हातात देत त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचं उपकार न्हाय फिटायचं. यांचा उजवा खांदा कामातून गेलेला. सारखं चाक फिरवायला जमायचं न्हाय, मंग एकदाच ओढून गुडघ्यानं दाबून ठेवायचं. शेठला कललं असतं त गाडी गेली असती. हे घरी येऊन मला सांगायचं, मिलिंदनं माझ्यासाठी दोष सोताच्या अंगावर घेतला... आपनहून."

मी कप खाली ठेवला. माझा बळी दिला तो दिला, वर घरी जाऊन माझ्या मोठेपणाच्या गोष्टी सांगितल्या! दर सणाला टेमघरला माझ्या घरी वहिनींचा डबा का यायचा, ते आत्ता कळलं. मी नुसती मान हलवली. नवरा गेलेल्या बाईपुढे दुसरं काय करणार होतो?

वहिनी हे वाचतील. वाचू देत. वहिनी, मी आपणहून काहीही अंगावर घेतलं नव्हतं. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

खांदा दुखतो, एवढं तरी सांगायचं होतंस, काशा. एकदा विचारलं असतंस, तर मी खरंच घेतलं असतं रे.