भानुदासचं राहिलेलं वाक्य

भानुदास गेल्याचं मला कंधारच्या स्टँडवर उमरीच्या गाडीची वाट पाहताना कळलं. त्याच्या पुतण्याचा फोन. "काका गेले सर. सकाळी चहा घेता घेताच..." गाडी आली, गेली, मी बाकड्यावर बसूनच राहिलो. त्याला आता महिना होत आला.

शाळेत आम्ही एका वर्गात. मी मास्तर झालो, तो मालवाहू जहाजावर ऑईलर, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारा. समुद्र मी पुस्तकातून शिकवायचो, पाहिला त्यानं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये स्फोट झाला. धुरात शिरून त्यानं रत्नागिरीकडच्या एका इंजिनिअरला ओढत वर आणलं. स्वतःचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, नोकरी सुटली.

गावानं सत्कार ठेवला. आमच्याकडं सत्कार म्हणजे आधी बॅनर. त्यावर भानुदासच्या मागं तोफांची युद्धनौका आणि वर 'वीर जवान'. बघून तो म्हणाला, "अरे, मी जवान न्हाई, ऑईलर हाय. आमच्या जहाजात गहू व्हता." आम्ही पोट धरून हसलो. बॅनर मात्र तसाच राहिला.

सूत्रसंचालन माझ्याकडं, म्हणून त्याचं भाषणही मीच लिहिलं होतं. स्टेजमागं त्यानं कागद परत दिला. "माधव, एक वाक्य घाल. स्फोट झाला तवा मी आधी पळालतो. इंजिनिअर साहेब माझ्या बाजूलाच व्हते. वर आल्यावर ध्यानात आलं, मग परत गेलो."

"लोकांना ते कशाला? हार घेऊन बसलेत सगळे," मी म्हणालो.

"मला सांगायचंय रे... लई जड हाय."

मी ऐकलं नाही. त्यानं होता तसा कागद वाचला, टाळ्या पडल्या. पुढं कुणी सत्काराला बोलावलं की तो शेतातल्या कामाचं निमित्त सांगायचा. माझ्याकडं येणंही कमी झालं. मला वाटलं, हारतुऱ्यांनी गडी शेफारला. मास्तरकी करून माणसं ओळखता येतात हा माझा भ्रम.

दहाव्यानंतर त्या इंजिनिअरांना कळवायला फोन केला. तो कसा गेला ते त्यांनी विचारून घेतलं. मग मी भीत भीत ते वाक्य काढलं.

"मला त्याने हॉस्पिटलमध्येच सांगितलं होतं," ते म्हणाले. "शुद्धीवर आलो त्याच दिवशी. मी म्हटलं, भानुदास, मीही पळालोच असतो."

ज्यांना मागं टाकून तो पळाला त्यांनी ऐकून घेतलं, आणि मी, त्याचा मित्र, ऐकायला तयार नव्हतो. याची मला लाज वाटते. त्याचं वाक्य आज घालतो. स्फोट झाला तेव्हा भानुदास आधी पळाला होता. मग परत गेला.