गोळ्यांची शेगडी

शिरोड्याला आमच्या घरामागच्या अंगणात एक शेगडी आहे. तिला चाकं आहेत, झाकण आहे, धुराडं आहे आणि विजेची वायरसुद्धा आहे. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, कोंबड्यांच्या खाद्यासारख्या दिसणाऱ्या बारीक गोळ्या बाजूच्या पेटीत ओतायच्या आणि बटण फिरवून आच ठरवायची. मग आतला स्क्रू लागतील तेवढ्याच गोळ्या आगीच्या वाटीत ढकलत राहतो. गोव्यात राहणारं एक परदेशी जोडपं सामान आवरून मायदेशी निघालं होतं, त्यांच्याकडून मी ती आणली. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी खूळ लागतंच, मला हे लागलं. गोळ्यांचं पहिलं पोतं उघडलं तेव्हा बायको म्हणाली, "ह्या काय हाडलास तुमी? आपल्याकडे कोंबड्यो खंय आसत?"

घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि माझी आत्या. आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमची. आई नोकरी करायची, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं आत्यानेच केलं. आत्या मासे खात नाही. विधवा झाली तेव्हा सोडले असणार, असं मी धरून चाललो होतो. विचारलं मात्र कधीच नाही. गंमत अशी की माशाचं सार तिच्यासारखं घरात कोणाला जमत नसे. मीठ बघायला ती आईला हाक मारायची आणि आई म्हणायची, "तुका वासावरना कळता, माका कित्याक बोलावतंस?"

दर रविवारी मी शेगडीवर बांगडे भाजायला लागलो. आत्या आपली प्लास्टिकची खुर्ची ओढत यायची आणि नेमकी धुराच्या तोंडावर बसायची. मी ओरडायचो, "आते, डोळे जातले तुझे, हयसर ये." ती ढिम्म हलायची नाही. शेवटी वैतागून मीच शेगडीची चाकं फिरवली आणि धुराडं माडांच्या बाजूला केलं. पुढच्या रविवारी तिने खुर्ची माडाखाली नेली. म्हातारीचा हट्ट, दुसरं काय, असं म्हणून मी सोडून दिलं.

एकदा परसातल्या झाडाचा नीरफणस काढला होता. आत्या तो हातात तोलत म्हणाली, "चुलीतलो भाजलेलो नीरफणस खावन किती वर्सा झाली रे. तुझ्या ह्या शेगडीत भाजशीत? पण माशाचा कायएक लागाक नको हां."

"नाय लागाचा," मी छातीठोकपणे म्हणालो.

आता खरं सांगायचं तर साफसफाई म्हणजे माझ्या लेखी वरची जाळी घासणं. ती मी नारळाच्या सोडणाने आणि राखेने लख्ख केली. जाळीखाली एक पत्रा असतो. माशाचं तेल त्यावर ओघळून बाहेर टांगलेल्या डब्यात जमतं. डबा आमची मांजरं चाटून साफ ठेवत, म्हणून पत्राही स्वच्छ असेल असं मी समजलो. उचलून बघायचा कंटाळा केला, हे जास्त खरं.

नीरफणस तासाभरात बाहेरून काळा झाला, आतून लोण्यासारखा मऊ. आत्याने मीठ भुरभुरून पहिला घास तोंडात घातला आणि थांबली. तिच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. तोंडातला घास माडाच्या बुंध्याशी टाकून तिने तीन-तीनदा चुळा भरल्या.

"बांगड्याचो वास मारता ह्येका," ती म्हणाली.

मला राग आला. एवढी मेहनत केली, घामाघूम झालो आणि वासावरून एवढा तमाशा! "जरासो वास इलो तर काय देव कोपतलो?" असं मी बोललोही. ती उठून आत गेली.

त्यानंतर तीन दिवस ती सकाळ-संध्याकाळ येऊन माझ्या कपाळाला हात लावत होती. "बरो आसस मा रे?" मी पेपर वाचत असलो तरी हात, जेवत असलो तरी हात. माझं ब्लडप्रेशर तिला माहीत होतं, मला वाटलं त्याचीच काळजी. चौथ्या दिवशी सकाळी देवघरासमोरून जाताना तिचं गाऱ्हाणं कानावर पडलं. ती देवाला अगदी समोरच्या माणसाशी बोलावं तशी सांगत होती, "चूक माझी, मी बघून खावक होया होता. ह्येचा झिलाच्या जिवावर काय धरू नको रे म्हाराजा."

झील म्हणजे मुलगा, म्हणजे मीच. मी तिथेच उभा राहिलो. ती उठल्यावर विचारलं, "आते, माझ्या जिवावर म्हणजे?"

तिने वाती आवरल्या, निरांजन पुसलं. मग म्हणाली, "तू चार वर्साचो होतस. तापान फणफणलेलस. डॉक्टरान हात टेकल्यान. तुझी आवस रडत बसली, माका रडाक पण येयना. मी देवाक सांगलंय, ह्येका बरो कर, मी जल्मात मासो खावचंय नाय."

नवऱ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. मी बासष्टचा आहे, म्हणजे अठ्ठावन्न वर्षं. तेवढी वर्षं मी तिच्यासमोर बसून बांगडे, पेडवे, सुरमई ओरपत होतो आणि काटे तिच्याच हातात देत होतो, मांजराला घाल म्हणून. मला लाज वाटली. इतकी लाज मला पूर्वी कधी वाटल्याचं आठवत नाही.

"माका कधी कित्याक सांगूक नाय?"

"सांगून काय? तू मासो खाताना माझ्या तोंडाकडे बघीत बसलो असतस. तुका घास गोड लागलो नसतो."

त्या दुपारी मी वायर काढून शेगडी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उघडली. पत्रा उचलला तर कडेने ओघळून खाली तेलाचा काळा थर बसला होता, बोट रुतेल असा. आगीच्या वाटीवरच्या झाकणावर राख आणि खवल्यांचा चिकटा. आगीच्या वाटीतली राख व्हॅक्यूमने ओढली. धुराडं काढून माडाच्या हिरांच्या केरसुणीने आतून खरवडलं. पत्रा सोडा घातलेल्या कढत पाण्यात बुडवला, आगीच्या वाटीला मात्र पाणी लागू दिलं नाही. सगळं जोडून, वर काहीच न ठेवता, मोठ्या आचेवर अर्धा तास नुसती शेगडी पेटवली. बायको दारात उभी राहून म्हणाली, "घरातला एक ताट कधी घासूक नाय तुमी, आणि हिका न्हाऊक घालतास!" पण थोड्या वेळाने तीही पदर खोचून पत्रा घासायला बसली.

शेवटी आत्याला बोलावलं. तिने झाकण उघडून नाक आत घातलं. धुराडं हुंगलं, पत्रा हुंगला, डबासुद्धा सोडला नाही. मग मान हलवली. त्या संध्याकाळी नवा नीरफणस भाजला. तिने अर्धा एकटीने संपवला आणि बोटं चाटली.

मी म्हटलं, "आते, आता रविवारचे बांगडे बंद. शेगडी तुझी."

ती एकदम ताडकन बोलली, "खुळो काय रे तू? बंद कित्याक? खावचंय नाय म्हटलंय मी. वासाचा काय बोलूक नाय."

तेव्हा कुठे मला ती धुरातली खुर्ची समजली.

आता शनिवारी नीरफणस नाहीतर वांगं भाजतो, त्यासाठी आदल्या दिवशी शेगडी पार उघडून घासतो. रविवारी बांगडे. आत्या येऊन बसली की मी चाकं वळवतो आणि धुराडं तिच्या खुर्चीकडे करतो. ती डोळे मिटते आणि थोड्या वेळाने निकाल देते, "कालचो आसा. ताजो नाय." मासेवालीने फसवलेलं असतं, आत्याचं चुकत नाही. मग मी ताट घेऊन तिच्या शेजारी बसतो आणि तिच्या तोंडाकडे न बघता जेवतो.