रोज एक भाग

इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर ओल्या चादरी उपसून तिचे खांदे भरून यायचे. नवरा ट्रक चालवायचा. गुडघ्याने दगा दिला आणि तो घरी बसला. तेव्हापासून दोघांना एकच विरंगुळा होता, टीव्हीवरची मालिका. जेवणं उरकली की रोज एक भाग, तोही जोडीनेच, असं ठरलेलं.

एकदा पडद्यावर दाराची कडी वाजली आणि आत कोण येतंय हे दिसायच्या आधीच नवऱ्याने डोळे पुसले. तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने विचारलं, तर त्याने आधी सर्दीवर ढकललं, मग मान खाली घालून कबूल केलं. ती कामावर गेली की तो लावून बसायचा. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू, आणि उठून करायचं तरी काय? गुडघ्याचे व्यायाम राहायचे, कपडे दोरीवरच राहायचे. मालिका तर त्याने केव्हाच संपवली होती. संध्याकाळी तो नुसता तिच्यासोबत बसायचा.

तिच्यात रागवायचंही त्राण नव्हतं. त्यानेच सुचवलं, रिमोट तू कामावर घेऊन जा. दोन-तीन दिवस त्याने कसाबसा धीर धरला. मग शेजारच्या काकूंनी तिला जिन्यात गाठून आडून आडून सांगितलं, की तो दुपारभर त्यांच्याकडे टीव्हीसमोर असतो आणि काकांची झोप होत नाही.

घरी येऊन तिने रिमोट त्याच्या पुढ्यात ठेवला.

"घ्या. तुमच्यावर पहारा ठेवायला मला आता होत नाही."

"दुपारी घर खायला उठतं गं," तो म्हणाला.

ती बराच वेळ खांदा चोळत राहिली. "मग बघा. पण जेवणानंतर टीव्ही बंद. काय झालं ते मला तुम्ही सांगायचं."

त्याने नवी मालिका धरली. पहिल्या दिवशी अधाशासारखे सात-आठ भाग बघितले आणि सांगताना सगळ्याची खिचडी झाली. कोण कुणाचा भाऊ हेच त्याला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी त्याने दोन बघितले, पुढे एकच. कधी हात शिवशिवायचा, कधी तो घसरून जास्त भागही बघायचा. पण सांगायचा मात्र झकास, आवाज काढून.

ती मात्र अर्ध्यातच पेंगायची. "कुठपर्यंत ऐकलंस?" तो सकाळी विचारायचा. ती अंदाजाने काहीतरी सांगायची आणि संध्याकाळी तो तिथूनच पुन्हा सुरू करायचा.