पडद्याआडचं मत

भास्कर गेल्याचा त्याच्या मुलाचा फोन आला, तेव्हा माझ्या हातात कात्री होती. परदेशात कुठेतरी मोबाइलवरून मतदान होणार असल्याची बातमी मी त्याच्यासाठीच कापत होतो. वाचून तो किती उखडेल, या कल्पनेनेच मला हसू येत होतं… महिना उलटला, कात्रण अजून पाकिटात आहे.

सुरतेतल्या बँकेत आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवर आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर मी दुपारच्या डुलक्या काढू लागलो आणि या गृहस्थाने कायद्याच्या एलएल.एम.ला नाव घातलं! प्रबंधाचा विषय काय, तर निवडणुकीतलं डिजिटल तंत्रज्ञान आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचे निकष. पांडेसऱ्यातल्या टपरीवर चहा निवून जायचा, पण हा बोलतच असायचा. "अरे, यंत्र आणा, मोबाइल आणा, पण मत गुप्तच राहिलं पाहिजे आणि मोजणी साध्या माणसाला तपासता आली पाहिजे. गुप्त मतदानाचा हक्क इतक्या देशांनी सह्या करून मान्य केलाय! तुझ्या अंगावर काटा येत नाही?" काटा यायचा, पण मी कबूल करायचो नाही.

मग बमरोलीतल्या आमच्या गावाकडच्या लोकांच्या मंडळाने पदाधिकाऱ्यांची निवडणूक मोबाइलवर घ्यायचं ठरवलं. सेक्रेटरी भलतेच खूश. "घरबसल्या ओटीपी, घरबसल्या मत, पती गयुं, काम खलास!" रंगीत तालीम भास्करच्याच घरी झाली. मंडळाकडे घरटी एकच नंबर, तोही कर्त्या पुरुषाचा. भास्करच्या फोनवर नवराबायकोचे दोन ओटीपी आले आणि उत्साहाच्या भरात पठ्ठ्याने दोन्ही मतं देऊनही टाकली. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"मनं मत तुमीच दी टाकं?"

भास्करचा चेहरा खर्रकन उतरला. सगळे निकष पाठ, आणि पहिला भंग स्वतःच्याच सोफ्यावर!

पण त्याने ते लपवलं नाही. भर सभेत स्वतःची फजिती सांगितली आणि मोबाइलचा बेत हाणून पाडला. मार्केटमधून छपाई बिघडलेली एक साडी आणली, मंडळाच्या हॉलच्या कोपऱ्यात दोरीवर टांगली आणि तिच्याआड टॅब्लेट आणि छोटा प्रिंटर ठेवला. बटण दाबलं की छापील चिठ्ठी निघणार, ती वाचून डब्यात टाकायची. मतदानाच्या दिवशी काय धमाल! बायका एकेकट्या पडद्याआड जात होत्या आणि सासरे बाहेर ताटकळत होते. एक आजी तर आतून निघायलाच तयार नव्हत्या. इतका आनंद मला क्वचितच झाला आहे.

अध्यक्षपदाला भास्कर स्वतः उभा होता. एका मताने पडला. सगळ्यांसमोर चिठ्ठ्या हाताने मोजल्या, टॅब्लेटचा आकडा तंतोतंत जुळला, तेव्हा सर्वांत जोरात टाळ्या पिटत होता तो हरलेला माणूस.

"घरी विचार की, मत कुणाला दिलं ते," मी डोळा मिचकावला.

"विचारलं तर सगळंच फुकट गेलं ना," तो म्हणाला. त्याने शेवटपर्यंत विचारलं नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. मंडळाची निवडणूक पुन्हा आली आहे. वहिनी त्याच्या टेबलाशी तीच साडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एका जागी कापड विरलं होतं, तिथे ठिगळ लावत होत्या. त्याची रिकामी खुर्ची बघवेना आणि तोंडातून निघून गेलंच, "वहिनी, आता तरी सांगा. तेव्हा भास्करला मत दिलं होतं का?"

त्यांनी दातांनी दोरा तोडला. डोळे भरले होते, पण ओठांवर हसू होतं.

"आसं काय कोनले सांगतस का, भाऊ?"

मग त्यांनी साडी खिडकीशी उजेडात धरली आणि पलीकडचं काही दिसत नाही ना, ते नीट बघून घेतलं.